२४ ने भागून बोर्ड मागवू नका: खोलीला जिप्सम बोर्ड किती लागतील, याचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फॉल सीलिंग आणि पार्टिशनच्या मालाचा हिशोब बघितला. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी दुकानदाराला देण्याची पूर्ण यादी आहे, ती तुमच्या कामाला जुळवून घ्या.

ज्याला परदेशात ड्रायवॉल म्हणतात, तोच आपल्याकडचा जिप्सम बोर्ड. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर. आपल्या भागातल्या दुकानांत सगळ्यात जास्त चालतो तो ६ फूट × ४ फूट, साडेबारा मिलिमीटर जाडीचा. ६ × ४ म्हणजे २४ चौरस फूट. म्हणून बहुतेक जण काय करतात? खोलीची लांबी गुणिले रुंदी, भागिले २४, झाला हिशोब. इथेच गडबड होते.

एक बोर्ड कमी पडला तर काय होतं?

आधी पैशाचं बोलू. समजा मुंबई-गोवा हायवेलगत, नागोठणे आणि कोलाडच्या मधे, खांबला एक गाळा आहे. आत १६ फूट × ९ फूट खोलीला साधं सपाट सीलिंग करायचंय. म्हणजे १४४ चौरस फूट. तुम्ही मालासकट ८० रुपये दर दिला असं धरू (हा फक्त उदाहरणाचा आकडा, तुमचा दर तुम्ही टाका). काम झालं ११,५२० रुपयांचं. त्यात १५ टक्के नफा धरला तर हातात राहणार १,७२८ रुपये.

आता शेवटच्या कोपऱ्यात एक बोर्ड कमी पडला. माल रोह्याहून, पेणहून किंवा पनवेलहून येणार असेल, तर एका बोर्डासाठी पुन्हा गाडी. टेम्पोचे १,००० रुपये धरा. दोन कारागीर अर्धा दिवस बसून राहिले, त्यांचे ९०० धरा. झाले १,९००. बोर्डाची किंमत यात धरलेलीच नाही, कारण तो लागणारच होता. म्हणजे पूर्ण नफा गेला, वर खिशातले १७२ रुपये गेले. शिवाय गिऱ्हाईक विचारणार, "काम का थांबलं?"

उलट एक बोर्ड जास्त आला तर काय नुकसान? फार तर त्या एका बोर्डाची किंमत, आणि तोही पुढच्या कामाला वापरता येतो. दुकानाशेजारी काम करणाऱ्याला बोर्ड कमी पडणं परवडतं. खांब, कोलाड, नागोठणे, रोह्याच्या गावांत काम करणाऱ्याला परवडत नाही. म्हणून आपला हिशोब असा पाहिजे की पहिल्या गाडीत सगळं आलं पाहिजे, आणि कामानंतर अंगणात बोर्डांची थप्पीही उरता कामा नये.

पायरी १: माप नीट घ्या

खोलीची लांबी एकदाच मोजून चालत नाही. दोन्ही टोकांना आणि मधे, अशी तीन मापं घ्या. जिथे सीलिंग येणार त्या उंचीवर घ्या, जमिनीवर नको. भिंत वर कलली असेल तर खालचं माप फसवतं. तिन्हींतलं सगळ्यात मोठं माप हिशोबाला धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि कडेचे बोर्ड तिरके कापावे लागतील.

दुसरी गोष्ट, फूट-इंच आणि दशांश यांची गल्लत करू नका. १० फूट ६ इंच म्हणजे कॅल्क्युलेटरवर १०.६ नव्हे, १०.५. लक्षात ठेवायला सोपं: ३ इंच म्हणजे ०.२५, ६ इंच म्हणजे ०.५, ९ इंच म्हणजे ०.७५. मधलं माप आलं तर इंच भागिले १२ करा.

पायरी २: बोर्ड कुठे जोडता येतो ते समजून घ्या

बोर्ड हवेत जोडता येत नाही. बोर्डाचं टोक जिथे संपतं, तिथे मागे लोखंडी सेक्शन पाहिजे. सीलिंगमध्ये हे सेक्शन साधारण दीड-दीड फुटावर येतात. कंपन्यांच्या तपशिलात ४५७ मिलिमीटर लिहिलेलं असतं. ४५७ गुणिले ४ म्हणजे १,८२८, आणि ६ फुटी बोर्ड असतो १,८२९ मिलिमीटरचा. म्हणजे बोर्डाची लांबी सेक्शनला आडवी लावली की चार गाळ्यांत बरोबर बसते आणि टोक सेक्शनवर येतं.

यातून हिशोबाचा नियम निघतो. उरलेला तुकडा मधल्या जागी वापरायचा असेल तर तो दीड, तीन किंवा साडेचार फुटाचाच धरायचा. ४ फुटाचा तुकडा उरला तरी मधे तो ३ फुटाचाच कामाला येतो. भिंतीला टेकणारा शेवटचा तुकडा मात्र कितीही लांबीचा चालतो, कारण तिथे पेरिमीटर चॅनल असतं. २४ ने भागणारा हिशोब हेच विसरतो. त्याच्या लेखी सगळे तुकडे जोडून पुन्हा अख्खा बोर्ड होतो.

पायरी ३: कागदावर बोर्ड मांडा, दोन्ही दिशांनी

वहीच्या चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक फूट धरा. १६ × ९ चा आयत काढा. १४४ भागिले २४, उत्तर बरोबर ६. आता हे ६ बोर्ड प्रत्यक्षात बसतात का बघू.

*पहिली दिशा: बोर्डाची लांबी १६ फुटाच्या बाजूने.* बोर्ड ४ फूट रुंद, म्हणून ९ फुटात दोन पूर्ण ओळी आणि १ फुटाची पट्टी. एका ओळीत ६ + ६ + ४. दोन ओळींना ४ अख्खे बोर्ड, आणि ४ फुटी तुकड्यांसाठी आणखी २. झाले ६. हातात उरले २ × ४ फुटाचे दोन तुकडे. पण १ फूट रुंद, १६ फूट लांब पट्टी अजून बाकी आहे. त्या दोन तुकड्यांतून १ × ४ च्या चार पट्ट्या निघतात. चार चोक सोळा, कागदावर बसलं! पण जोड सेक्शनवर यायला हवा, म्हणून मधल्या पट्ट्या तीन-तीन फुटाच्याच वापरता येतात. ३ + ३ + ३ + ३ + ४, अशा पाच लागतात. आपल्याकडे चारच आहेत. म्हणजे सातवा बोर्ड लागणार. आणि एक फुटाची जोडाजोडीची पट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येते ती वेगळीच.

*दुसरी दिशा: बोर्डाची लांबी ९ फुटाच्या बाजूने.* आता १६ फुटात ४ फुटाच्या बरोबर चार ओळी. एका ओळीत ६ + ३. चार ओळींना ४ अख्खे बोर्ड, आणि ३ फुटाचे चार तुकडे. एका बोर्डातून असे दोन निघतात, म्हणजे २ बोर्ड. एकूण ६, कचरा जवळजवळ शून्य. बोर्ड कटरने रेघ मारून मोडतात, करवतीसारखा भुसा जात नाही, म्हणून तीन-तीन फूट बरोबर निघतात. एका ओळीत आधी ६ मग ३, पुढच्या ओळीत आधी ३ मग ६ लावा, म्हणजे जोड एका रेषेत येत नाहीत आणि चिरा पडायची भीती कमी.

खोली तीच, बोर्ड तोच, फक्त दिशा फिरवली आणि एक बोर्ड वाचला.

लोखंडही वाचतं. पहिल्या दिशेत सेक्शन ९ फुटाचे, १० लागतात. १२ फुटी सेक्शनमधून ९ कापले की प्रत्येकी ३ फूट वाया, म्हणजे १० नग. दुसऱ्या दिशेत सेक्शन १६ फुटाचे, पण फक्त ५ ओळी. जोडावर अर्धा फूट ओव्हरलॅप धरला तर ५ अख्खे आणि साडेचार फुटाच्या पाच तुकड्यांसाठी ३, म्हणजे ८ नग.

एका इंचाची किंमत

आता गंमत बघा. तीच खोली, पण माप ९ फूट १ इंच निघालं. दुसऱ्या दिशेत प्रत्येक ओळीला ६ फूट आणि ३ फूट १ इंच लागणार. ६ फुटाच्या बोर्डातून ३ फूट १ इंचाचा एकच तुकडा निघतो, दुसरा इंचाने कमी पडतो. म्हणजे चार तुकड्यांना चार बोर्ड. एकूण ६ नाही, ८!

आणि पहिली दिशा? तिथे १ फूट १ इंचाची पट्टी पाहिजे. सातव्या बोर्डातून लांबीत ६ फुटाच्या तीन पट्ट्या निघतात, म्हणजे १८ फूट, गरज १६ ची. झालं ७ मध्ये काम. म्हणजे ९ फुटाला जी दिशा स्वस्त होती, तीच ९ फूट १ इंचाला महाग पडली. क्षेत्रफळाच्या हिशोबाला हा फरक दिसतच नाही. त्याचं उत्तर ६.०६ येतं, आणि तुम्ही ७ मागवून चुकीच्या दिशेने काम सुरू करता.

म्हणून मी सारखं सांगतो, दिशा साइटवर पोहोचल्यावर ठरवू नका. कोटेशन देण्याआधी कागदावर ठरवा, आणि तो कागद कारागिराच्या हातात द्या.

पायरी ४: राखीव किती?

मांडणीतून आलेल्या आकड्यावर दर १० बोर्डांमागे १ राखीव धरा. काम लहान असलं तरी किमान १ धराच. क्षेत्रफळावर सरसकट दहा टक्के लावण्यापेक्षा हे बरं, कारण कापाकापीतला कचरा मांडणीत आधीच आलेला असतो. राखीव बोर्ड फक्त तुटफुटीसाठी. आणि आपल्या रस्त्यांवर तुटफूट होते. खड्ड्यात गाडी आपटली की आधी कोपरे जातात.

बोर्ड घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "अख्खा, कोरा बोर्ड उरला तर परत घ्याल का?" हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. मग राखीव बोर्डाचा खर्चही राहत नाही.

गाडीचाही विचार करा. एक बोर्ड साधारण वीस किलोचा. ६ फुटी बोर्ड छोट्या हत्तीत आडवा सपाट बसतो. ८ किंवा १० फुटी बोर्ड घेतलात तर मोठी गाडी लागेल, ते भाडं हिशोबात धरा. १२ फुटी सेक्शन गाडीबाहेर येतात, ते नीट बांधा आणि टोकाला लाल फडकं लावा.

पार्टिशनचा हिशोब वेगळा

पार्टिशनमध्ये तीन गोष्टी बदलतात.

पहिली, बोर्ड दोन्ही बाजूंना लागतो. दोन थर असतील तर चौपट. ऐकायला सोपं वाटतं, पण घाईत विसरायला होतं.

दुसरी, उभे स्टड साधारण २ फुटावर येतात. म्हणून इथे तुकडे २ आणि ४ फुटाच्या हिशोबाने कामाला येतात, दीड-तीनच्या नाही.

तिसरी, दरवाजा-खिडकी. ९ फूट रुंद, १० फूट उंच पार्टिशन घ्या, एका टोकाला ३ × ७ चा दरवाजा. दरवाजा वजा न करता १८० चौरस फूट, म्हणजे साडेसात, मागवणार ८. वजा केला तर १३८ चौरस फूट, म्हणजे ५.७५, मागवणार ६. कागदावर मांडून बघा. सहामध्ये बसतं, पण प्रत्येक तुकडा नेमका त्याच जागी गेला तरच. एक कोपरा तुटला की काम अडलं. म्हणून ६ आणि १ राखीव, ७ मागवा. लहान खिडकी किंवा एसीचं भोक मात्र वजा करूच नका, कापून निघालेला तुकडा बहुतेक वेळा कचऱ्यातच जातो.

एक काळजी घ्या. दरवाजाच्या चौकटीच्या कोपऱ्याशी, उभ्या रेषेत बोर्डाचा जोड आणू नका. दार आपटलं की तिथून चीर जाते. बोर्ड चौकटीच्या पुढे न्या आणि एल आकारात कापा. यात थोडा माल जास्त जातो, पण चीर भरायला पुन्हा यावं लागत नाही.

आणि पार्टिशन स्लॅबपर्यंत जाणार असेल तर सीलिंगचा हिशोब प्रत्येक भागाचा वेगळा करा, जणू दोन खोल्याच आहेत. पेरिमीटर चॅनल पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी लागतं.

पावसाळ्याचा हिशोब

पेणजवळच्या हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यात विचारा, दमट हवेत उघडी राहिलेली प्लास्टर ऑफ पॅरिसची गोणी काय होते. प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्सम तापवूनच बनतं, त्यामुळे पाणी मिळालं की ते पुन्हा घट्ट होतं. आपल्या बोर्डात आणि जोडकामाच्या पावडरीतही जिप्समचाच कारभार. म्हणून जून ते सप्टेंबर:

- माल कामाच्या आदल्या दिवशीच आणा. महिनाभर आधी स्वस्तात आणून ओल्या गाळ्यात ठेवण्यात फायदा नाही.
- गाडीत खाली आणि वर ताडपत्री. खालून उडणारं पाणी लोक विसरतात.
- बोर्ड जमिनीवर थेट ठेवू नका. लाकडी पट्ट्यांवर सपाट ठेवा. भिंतीला तिरके उभे ठेवले तर वाकतात. उचलताना मात्र दोघांनी उभा, कडेवर धरून न्या.
- जोडकामाची पावडर लागेल तेवढीच आणा. फोडलेली गोणी त्याच कामात संपवा.
- हिरवा बोर्ड दमट जागेसाठी असतो, गळक्या छतासाठी नाही. स्लॅब किंवा पत्रा गळत असेल तर आधी ते काम करून घ्या, नाहीतर सीलिंगचं काम नाकारा. पहिल्या पावसात डाग आला की नाव तुमचंच जातं.

१६ × ९ च्या खोलीची पूर्ण यादी

दुसऱ्या दिशेची मांडणी, माप बरोबर ९ फूट, सीलिंग स्लॅबपासून एक फूट खाली:

- जिप्सम बोर्ड ६ × ४: ६ + १ राखीव = ७
- पेरिमीटर चॅनल: घेर ५० फूट, १२ फुटी ५ नग
- सीलिंग सेक्शन: ५ ओळी, १२ फुटी ८ नग
- इंटरमीडिएट चॅनल: ४-४ फुटावर ४ ओळी, प्रत्येकी ९ फूट, म्हणजे ४ नग
- लटकवायचे पॉइंट: प्रत्येक चॅनलला ३, एकूण १२. तेवढेच सॉफिट क्लीट, फास्टनर आणि नट-बोल्ट
- सीलिंग अँगल: पॉइंटला दीड फूट, एकूण १८ फूट
- कनेक्टिंग क्लिप: ५ ओळी × ४ चॅनल = २०
- पेरिमीटरसाठी प्लग आणि स्क्रू: दोन फुटाला एक, ३० धरा
- ड्रायवॉल स्क्रू २५ मिलिमीटर: ९ इंचाला एक धरून साधारण २००, मागवा २२०
- जॉइंट टेप: ओळींचे जोड २७ फूट, टोकांचे १६, भिंतीलगत ५०. एकूण ९३ फूट, म्हणजे साधारण २८.४ मीटर
- जॉइंटिंग कंपाउंड: गोणीवर किती मीटर जोडाला पुरेल ते लिहिलेलं असतं, त्यावरून

सीलिंगला कोव्ह किंवा पायरी असेल तर तिची उभी बाजू वेगळी मोजा. लांबी गुणिले उंची, आणि तिच्याही मांडणीचा वेगळा कागद. कोटेशनमध्येही ती वेगळी ओळ लिहा, नाहीतर बोर्ड जातो आणि पैसे मिळत नाहीत.

अजून एक. बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक म्हणतं, "माल मी आणतो, तुम्ही मजुरी सांगा." तेव्हाही यादी तुमचीच असते. यादी चुकली तर बोर्ड त्याचा वाया जातो आणि पुढचं काम तुमचं जातं. म्हणून मजुरीच्या कामालाही मांडणीचा कागद काढा आणि त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. बोर्ड का सात सांगितले, हे ज्याला कागदावर दिसतं तो भावात घासाघीस कमी करतो.

आता गृहपाठ. तुमच्या हातातल्या किंवा पुढच्या कामाची एक खोली घ्या. चौकटीच्या कागदावर दोन्ही दिशांनी बोर्ड मांडा, आणि तीन आकडे शेजारी-शेजारी लिहा: २४ ने भागून आलेला, पहिल्या दिशेचा, दुसऱ्या दिशेचा. फरक आला तर माप आणि आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही खोल्यांची मांडणी आपण फळ्यावर करून बघू. भेटूया!